पेढींतील संदेशजाळें : बोलणें, हिशेब आणि पाहुणे

नागपुरांतील इतवारीचा बाजार जुना आहे. त्याचें नांवच आठवड्याच्या वारावरून पडलेलें आहे. या बाजारांत प्रथमच येणाऱ्या परक्या गिऱ्हाइकालाहि फारसें विचारावें लागत नाहीं. किराणा हवा असेल तर किराणा ओळी, लोखंडी सामान हवें असेल तर लोहा ओळी, भांडीं हवीं असतील तर भांडे ओळी, दागिने हवे असतील तर सराफा. रस्ते अरुंद, गर्दी अपार, हातगाड्यांची आणि मालाच्या ओझ्यांची रेटारेटी अखंड. तरीहि व्यवहार चालतो. याचें कारण प्रत्येक धंद्याला आपली ओळ आहे.

मात्र याच बाजारांतील एखाद्या पेढींत शिरून गल्ल्यामागील तारांचा गुंता पाहिला, तर तेथें अशा व्यवस्थेचा मागमूसहि आढळत नाहीं. इंटरनेट पुरविणाऱ्यानें दिलेली एक पेटी भिंतीला टांगलेली असते. तिलाच हिशेबाचे संगणक, तिलाच फोन, तिलाच कॅमेरे. आणि तिच्याच वाय-फायवर मालकापासून परगांवच्या दलालापर्यंत सर्वांचे मोबाइल. गर्दी नसते त्या दिवशीं सर्व ठीक चालतें. सणासुदीच्या दिवसांत मात्र गिऱ्हाईक फोनवर भाव विचारतें आणि त्याला अर्धेंच उत्तर ऐकूं येतें. बिल निघण्यास विलंब लागतो. आणि कोणा पाहुण्याच्या मोबाइलवर पेढीच्या प्रिंटरचें नांव झळकतें.

यावर सर्वत्र एकच उपाय सुचविला जातो, तो म्हणजे अधिक गतीची जोडणी घेण्याचा. पन्नास मेगाबिटांचे शंभर होतात, शंभराचे दोनशें होतात, महिन्याचा खर्च वाढतो, आणि थोड्याच दिवसांनीं बोलणें पुनः तुटूं लागतें. दुखणें बहुधा गतीचें नसतेंच. तें व्यवस्थेचें असतें. बोलणें, हिशेब आणि पाहुणे या तिघांच्या गरजा निरनिराळ्या आहेत. त्यांना एकाच इमारतींत, एकाच तारांवरून, परंतु निरनिराळ्या ओळींनीं कसें न्यावें, हाच या विषयाचा गाभा होय.

विवेचन सोपें व्हावें म्हणून एक कापडाची पेढी कल्पावी. इमारत दर्शनीं अरुंद व आंत खोल. खालीं दुकान, पहिल्या मजल्यावर कचेरी, दुसऱ्या मजल्यावर गोदाम. बसून काम करणाऱ्यांच्या जागा आठ. प्रत्येक जागीं एक फोन आणि त्यांपैकीं सात जागीं संगणक. प्रिंटर दोन, कॅमेरे सहा व त्यांचें चित्रण सांठविणारें एक यंत्र. एका वेळीं येणारे पाहुणे फार तर पंधरा. कोणतीहि वस्तु विकत घेण्यापूर्वीं अशी मोजदाद कागदावर करावी, आणि इमारतीचा साधा नकाशा काढून प्रत्येक वस्तु तिच्या जागीं दाखवावी. या एका कागदामुळें पुढील अर्ध्या चुका टळतात.

प्रथम तारांचा विचार. स्विच, फोन, वाय-फायचीं यंत्रें हीं सर्व कांहीं वर्षांनीं बदलावीं लागतात. पण भिंतींत बसविलेली केबल पंधरा-वीस वर्षें टिकते. म्हणून काटकसर करावयाची तर ती यंत्रांत करावी, केबलमध्यें करूं नये. लहान कचेरीला कॅट-६ जातीची केबल पुरेशी होते. तांब्याच्या अशा एका केबलची लांबी, दोन्ही टोकांच्या जोडतारा धरून, १०० मीटरांच्या पुढें जातां कामा नये. प्रत्येक जागेपासून निघालेली केबल सरळ एका मध्यवर्ती ठिकाणीं यावी. एका टेबलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी सांखळी करूं नये, कारण एक कडी तुटली कीं पुढील सर्व बंद पडतात. शिवाय प्रत्येक जागीं एकीऐवजीं दोन केबली टांकाव्या. भिंत एकदां उकरली असतां दुसऱ्या केबलचा खर्च थोडा पडतो. तीच पुढें टांकावयाची झाली तर गवंड्याला पुन्हा बोलवावें लागतें.

बाजारांत स्वस्त म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ केबलींत ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. अशी तार लवकर तुटते, तिचा विद्युत्-अवरोध अधिक असतो, आणि पुढें सांगितल्याप्रमाणें त्याच तारेंतून फोनाला वीज द्यावयाची असल्यानें ती तापते. म्हणून शुद्ध तांब्याची केबल आहे याची खात्री करूनच घ्यावी. विजेच्या तारा आणि या केबली एकाच नळींतून नेऊं नयेत. दोहोंत अंतर राखावें, व एकमेकींना ओलांडणें भागच असेल तर काटकोनांत ओलांडावें. कापडाच्या आणि धान्याच्या गोदामांत उंदरांचा उपद्रव ठरलेलाच; तेथें केबल टणक नळींतूनच न्यावी. पेढीचें दुसरें गोदाम गल्लीच्या पलीकडे असेल, तर तांब्याची तार वरून ओढणें धोक्याचें आहे. पावसाळ्यांत जवळपास वीज कोसळली तरी त्या तारेंतून झटका येऊन दोन्ही टोकांचीं यंत्रें जळूं शकतात. अशा ठिकाणीं कांचतंतूची केबल घालावी. तिच्यांतून प्रकाश धांवतो, वीज वाहत नाहीं.

सर्व केबली जेथें एकत्र येतात त्या जागेची निवडहि विचारपूर्वक व्हावी. पुष्कळ ठिकाणीं ही पेटी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवितात. नागपुरांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि पुष्कळशा लहान उपकरणांची मर्यादा ४० अंश सेल्सिअसच असते. म्हणून पहिल्या मजल्यावरील, हवा खेळती असलेली, कुलूप लावतां येईल अशी जागा उत्तम.

या मध्यवर्ती ठिकाणीं स्विच बसतो. स्विच म्हणजे टपालाच्या गठ्ठ्यांची वर्गवारी करणारें यंत्र समजावें. आलेला प्रत्येक गठ्ठा कोणत्या तारेवर पाठवावा हें तें पत्ता पाहून ठरवितें. येथें ‘मॅनेज्ड’ जातीचा, म्हणजे ज्याला नियम शिकवितां येतात असा स्विच घ्यावा. साध्या स्विचला ओळी समजत नाहींत. तसेंच केबलमधूनच वीज पुरविणारा स्विच घ्यावा, म्हणजे फोन, कॅमेरे आणि वाय-फायचीं यंत्रें यांना निराळें विजेचें बटण लागत नाहीं. कल्पिलेल्या पेढींत आठ फोन दर नगीं ७ वॅट धरिले तर ५६, सहा कॅमेरे दर नगीं १० प्रमाणें ६०, आणि तीन मजल्यांवरील तीन वाय-फाय यंत्रें दर नगीं २० प्रमाणें ६०; एकूण १७६ वॅट झाले. तेव्हां एकंदर २५० वॅट देऊं शकणारा स्विच घेणें शहाणपणाचें. स्विचला चोवीस तोंडें आहेत एवढेंच पाहून खरेदी केली आणि त्याची एकूण शक्ति १०० वॅटच निघाली, तर शेवटीं जोडलेलीं यंत्रें चालूच होत नाहींत. तोंडांचा हिशेब असा : फोन आठ, कॅमेरे सहा, चित्रणाचें यंत्र एक, वाय-फाय तीन, प्रिंटर दोन आणि राउटर एक, मिळून एकवीस. संगणक फोनाच्या पाठीमागील तोंडाला जोडतां येतो, म्हणून त्याला निराळें तोंड लागत नाहीं. मात्र कांहीं स्वस्त फोन हें मागील तोंड १०० मेगाबिटांपुरतेंच चालवितात. मोठ्या फाइली हाताळणाऱ्या संगणकाला त्या जागच्या दुसऱ्या केबलवर घ्यावें.

आतां बोलण्याकडे वळावें. भारतांत १८८२ सालीं कलकत्ता, मुंबई, मद्रास अशा शहरांतून टेलिफोनचीं पहिलीं केंद्रें सुरू झालीं. त्या काळापासून पुढें दीर्घकाळ दोघे बोलत असतां त्यांच्यामधील वाट तेवढा वेळ केवळ त्यांची असे. आजच्या कचेरींतील फोनाची गोष्ट निराळी आहे. तो आवाजाचे तुकडे करितो आणि प्रत्येक तुकडा पत्ता लिहून, हिशेबाच्या व चित्रांच्या गठ्ठ्यांबरोबर त्याच रस्त्यानें रवाना करितो. सामान्यतः २० सहस्रांश सेकंदाचा आवाज एका तुकड्यांत मावतो. म्हणजे एका सेकंदाला पन्नास तुकडे. रूढ पद्धतींत एका तुकड्यांत आवाजाचे १६० बाइट आणि पत्त्याशिक्क्यांचे ४० बाइट असतात. कचेरींतील तारेवरचें वेष्टन धरून एका संभाषणाला प्रत्येक दिशेनें सुमारें ८७ किलोबिट लागतात. आठहि फोन एकाच वेळीं बोलूं लागले तरी बेरीज ७०० किलोबिटांच्या आंत राहते, म्हणजे एक मेगाबिटहि नाहीं! दोनशें मेगाबिटांच्या जोडणीवर एवढेंसें बोलणें तुटतें, ही गोष्ट प्रथमदर्शनीं आश्चर्याची वाटते.

उलगडा पुढील हिशेबानें होईल. पेढीच्या जोडणीची बाहेर पाठविण्याची गति २० मेगाबिट आहे असें धरावें. भर दुपारीं हिशेबाच्या संगणकानें दिवसभराच्या नोंदींची प्रत दूरच्या सांठ्याकडे पाठविण्यास आरंभ केला. संगणक गठ्ठे वेगानें आणून टांकतो. जोडणींतून ते हळू बाहेर पडतात. उरलेले इंटरनेटच्या पेटीच्या पोटांत रांग लावून उभे राहतात. त्या रांगेंत दहा लक्ष बाइट सांचले, म्हणजे ऐंशीं लक्ष बिट झाले. सेकंदाला दोन कोटि बिट या गतीनें ती रांग ओसरण्यास ४०० सहस्रांश सेकंद लागतात. याच क्षणीं आवाजाचा एक इवलासा तुकडा आला, तर त्याला रांगेच्या शेवटीं उभें राहून तेवढा वेळ ताटकळावें लागतें. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मार्गदर्शनाप्रमाणें एका दिशेचा विलंब १५० सहस्रांश सेकंदांच्या आंत असेल तरच बहुतेक संभाषण सुखानें चालतें. येथें तो एकाच रांगेंत अडीचपटीहून अधिक झाला. हिशेबाचा गठ्ठा अर्धा सेकंद उशिरा पोंचला तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. शब्द उशिरा पोंचला तर तो शब्दच राहत नाहीं. बोलण्याला रस्ता फार रुंद नको असतो, त्याला वेळेवर वाट हवी असते.

उपाय यावरूनच निघतो. फोनाच्या तुकड्यांवर अग्रक्रमाचा शिक्का असतो. प्रचलित संकेतांत त्याचा अंक ४६ आहे. स्विच आणि राउटर यांना असें शिकवावें कीं, हा शिक्का दिसतांच तो तुकडा रांगेच्या पुढें घ्यावा. दुसरें, राउटरमध्यें बाहेर पाठविण्याची मर्यादा जोडणीच्या गतीहून किंचित् कमी, म्हणजे २० असेल तर १८ मेगाबिट ठेवावी. यामुळें रांग परक्याच्या पेटींत न लागतां पेढीच्या स्वतःच्या राउटरमध्यें लागते, आणि तेथें कोणाला पुढें सोडावें हें पेढीच्या हातीं राहतें. तिसरें, नोंदींची प्रत पाठविण्याचें काम रात्रीं ठेवावें. हे तीन उपाय केले तर पुष्कळदां अधिक गतीची जोडणी घेण्याचें कारणच उरत नाहीं.

हिशेबाची गरज याहून वेगळी. त्याला घाई नसते. अचूकपणा आणि गुप्तता हवी असते. म्हणून जे संगणक एका जागीं स्थिर आहेत ते वाय-फायवर न ठेवतां केबलवरच ठेवावे. उधारीची यादी, खरेदीचे भाव, कराचीं विवरणपत्रें हीं पेढीचीं मर्मस्थानें होत. तीं पाहुण्याच्या मोबाइलच्या शेजारीं उघडीं ठेवणें म्हणजे तिजोरी ओसरीवर ठेवण्यासारखें आहे.

येथेंच इतवारीच्या बाजाराची युक्ति उपयोगी पडते. एकाच स्विचच्या आंत, एकाच तारांवर, अनेक ओळी पाडतां येतात. या ओळीला जाणकार ‘व्हीलॅन’ म्हणतात. प्रत्येक गठ्ठ्यावर चार बाइटांची एक चिठ्ठी लावितात आणि तिच्यांत ओळीचा क्रमांक असतो. १ पासून ४०९४ पर्यंत कोणताहि क्रमांक देतां येतो. कल्पिलेल्या पेढीला चार ओळी पुरेत : हिशेबाला १०, बोलण्याला २०, कॅमेऱ्यांना ३०, पाहुण्यांना ४०. संगणक फोनाच्या पाठीमागें जोडलेला असला तरी एकाच केबलवरून फोनाचे गठ्ठे विसाच्या चिठ्ठीनें आणि संगणकाचे दहाच्या ओळीनें जातात. यंत्रांना जे अंकी पत्ते द्यावयाचे, त्यांतील तिसरा अंक ओळीच्या क्रमांकाशीं जुळवावा. पुढें बिघाड शोधतांना पत्ता पाहतांच यंत्र कोणत्या ओळींतील आहे हें कळतें.

ओळी पाडल्या म्हणजे काम संपलें असें नाहीं. एका ओळींतून दुसरींत जाण्याचा दरवाजा राउटरमध्यें असतो आणि तेथें फायरवॉल नांवाचा पहारेकरी बसतो. त्याला हुकूम दिला नाहीं तर तो पुष्कळदां सर्वांना सर्वत्र जाऊं देतो. म्हणून हुकूम स्पष्ट असावे. पाहुण्यांच्या ओळींतून केवळ इंटरनेटकडे जातां यावें, दुसऱ्या कोणत्याहि ओळींत नाहीं. कॅमेऱ्यांना बाहेर जाण्याची मनाई असावी. फोनांना फक्त आपल्या टेलिफोन-सेवेशीं बोलतां यावें. आणि स्विच, राउटर यांच्या नियमांना हात लावण्याची मुभा हिशेबाच्या ओळींतील एका नेमलेल्या संगणकालाच असावी.

आतां पाहुण्यांचें वाय-फाय. बाहेरगांवचा व्यापारी आला, त्याला नमुने पाहावयाचे आहेत, पैसे मोबाइलवरून भरावयाचे आहेत. त्याला जोडणी देणें हा आतां आतिथ्याचाच भाग झाला आहे. भारतांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ सालीं, व ५ गिगाहर्ट्झचे पट्टे मोठ्या प्रमाणांत २०१८ सालीं विनापरवाना वापरास खुले झाले. पहिल्या पट्ट्याच्या लहरी भिंतीपलीकडे दूर जातात. पण त्यांत एकमेकांना न अडविणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. इतवारीसारख्या दाट वस्तींत शेजारच्या प्रत्येक दुकानाचें वाय-फाय त्याच तीन वाहिन्यांत गर्दी करितें. दुसऱ्या पट्ट्यांत वाहिन्या पुष्कळ आहेत, पण त्याच्या लहरी जाड भिंतींना लवकर हार जातात. म्हणून एक बलवान् यंत्र खालीं लावून तिन्ही मजल्यांची अपेक्षा करण्यापेक्षां, मजल्यागणिक एक यंत्र छताला लावून मध्यम शक्तीवर चालविणें केव्हांहि चांगलें. यंत्र पोलादी कपाटामागें किंवा कापडाच्या गांठींच्या ढिगामागें ठेवूं नये.

पाहुण्यांच्या वाय-फायला निराळें नांव व निराळा पासवर्ड द्यावा, आणि तो महिन्याकांठीं बदलावा. एका पाहुण्याच्या मोबाइलला दुसऱ्याचा मोबाइल दिसूं नये अशी सोय यंत्रांत असते. ती चालू करावी. सर्व पाहुण्यांना मिळून जोडणीचा ठरावीक भागच मिळावा, म्हणजे कोणी चित्रपट लावला तरी पेढीचें बिल अडत नाहीं.

पासवर्डाशिवाय उघडें वाय-फाय ठेवण्याचा परिणाम किती दूर जातो, याचें उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें आहे. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेंत बाँबस्फोट झाले. त्या वेळीं वृत्तसंस्थांना गेलेली धमकीची ई-मेल नवी मुंबईंतील सानपाडा येथील एका घरच्या उघड्या वाय-फायवरून पाठविली गेल्याचें तपासांत आढळलें. त्याच वर्षीं १३ सप्टेंबरला दिल्लींत स्फोट झाले, तेव्हांची ई-मेल मुंबईंत चेंबूर येथील एका खासगी कचेरीच्या वाय-फायवरून गेली होती. पाठविणारे निराळेच होते. पण पत्ता जोडणीच्या मालकाचा असल्यामुळें पोलीस प्रथम त्याच्याच दारीं आले. यानंतर २००९ सालीं दूरसंचार विभागानें वाय-फाय जोडण्या सुरक्षित राखण्याविषयीं सूचना काढल्या. पुढें २८ एप्रिल २०२२ रोजीं सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनें निर्देश दिले कीं, कंपन्या व संस्थांनीं आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या आणि ठरावीक प्रकारचा सायबर प्रसंग ध्यानांत आल्यापासून सहा तासांच्या आंत कळवावा. कोणता मोबाइल केव्हां जोडला गेला याची नोंद राउटर ठेवीत असेल, तर निर्दोष मालकाजवळ आपल्या निर्दोषपणाचा पुरावा राहतो.

विजेचा प्रश्न उरतो. तांब्याच्या तारेवरील जुन्या टेलिफोनला वीज केंद्राकडूनच येत असे. घरांतील दिवे गेले तरी तो वाजे. नव्या फोनाचें तसें नाहीं. वीज गेली कीं स्विच बंद आणि सर्व फोन मुके. म्हणून स्विच, राउटर आणि इंटरनेटची पेटी या तिघांना यूपीएसवर ठेवावें. सुमारें २०० वॅटचा भार एक तास चालवावयाचा तर २०० वॅट-तास शक्ति हवी; बॅटरी कालांतरानें क्षीण होते, म्हणून दुप्पट धरावी. दुसऱ्या पुरवठादाराची एक स्वस्त जोडणी राखीव असावी, आणि ती निराळ्या वाटेनें इमारतींत यावी. एकाच खांबावरून दोन्ही आल्या तर एकाच खोदकामांत दोन्ही जातील. कापडाच्या पेढीला आगीचें भय सदैव असतें. अशा वेळीं ११२ किंवा १०१ हा क्रमांक फिरविण्यासाठीं कचेरींतील फोनांवरच विसंबूं नये, एक चार्ज केलेला मोबाइल ठरलेल्या जागीं असावा.

सर्व बसवून झाल्यावर कंत्राटदाराचें बिल चुकविण्यापूर्वीं तीन परीक्षा घ्याव्या. एक, मोठी फाइल बाहेर पाठवीत असतांना फोनवर पांच मिनिटें बोलून पाहावें. दोन, पाहुण्यांच्या वाय-फायवरून पेढीच्या प्रिंटरला व हिशेबाच्या संगणकाला गांठण्याचा यत्न करावा. तो फसला पाहिजे. तीन, मुख्य बटण बंद करून फोन किती वेळ चालतात तें घड्याळांत पाहावें. यांतून पार पडलें तर जाळें खरें. नंतर प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक चिकटवावा, नकाशावर तोच क्रमांक लिहावा, यंत्रांचे कारखान्याहून आलेले पासवर्ड बदलावे, आणि नवे पासवर्ड बंद पाकिटांत तिजोरींत ठेवावे. पुष्कळ पेढ्यांत जाळ्याची माहिती एका तंत्रज्ञाच्या डोक्यांतच असते. तो गांव सोडून गेला म्हणजे पेढी आपल्याच घरांत परकी होते.

तात्पर्य, मोठ्या गतीची जोडणी कोणीहि पैसे देऊन घेऊं शकतो. व्यवस्था मात्र विचारानेंच लावावी लागते. बोलण्याला वेळेवर वाट, हिशेबाला एकांत, आणि पाहुण्याला ओसरीपुरता मोकळेपणा, एवढें ज्या पेढीनें साधलें तिचें जाळें लहान असलें तरी भरंवशाचें होतें. इतवारीच्या व्यापाऱ्यांना ही गोष्ट मुळींच नवी नाहीं. अरुंद रस्त्यावर मोठा बाजार ओळींच्या बळावर कसा चालतो, हें ते पिढ्यान्पिढ्या पाहत आले आहेत. तीच शिस्त आतां भिंतींतील तारांना लावावयाची आहे.